गिरजामावशी आणि टेकडीवरच्या दोन चुली

गिरजामावशीला सभेत बोलायला उभं केलं की ती एकच वाक्य बोलायची आणि बसायची. "टेकडीवर कोनी मरू नये, येवढंच आपलं काम हाय." लोकांना टाळ्या वाजवायचंसुद्धा सुचायचं नाही.

हैदराबादच्या साहेबांनी आमच्या कार्यक्रमाला लांबलचक नाव दिलं होतं. त्यात पूर होता, दुष्काळ होता, अन्नसुरक्षा होती, सज्जता होती. फळ्यावर ते नाव दोन ओळींत मावायचं नाही. पैनगंगेच्या आंध्राकडच्या काठावरच्या सात मराठी गावांत तो कार्यक्रम चालायचा आणि त्याची प्रमुख होती गिरजामावशी, चौथी पास, खैरगावची. साहेब तिला विचारायचे, "उद्दिष्टं किती?" ती म्हणायची, "एक." साहेब हसायचे आणि वहीत सात लिहायचे.

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. संस्थेच्या अहवालात तिच्यावर चार ओळी आल्या. त्यागी, कर्तबगार, तळमळीची, वगैरे. त्या ओळी खोट्या नाहीत, पण त्या कोणाहीबद्दल लिहिता येतात. म्हणून मी लिहायला बसलो. मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात शत्रू कोण ते पहिल्या ओळीत सांगावं लागतं. इथे ते जमणार नाही.

मावशी बुटकी होती, काळी होती, आणि चालताना तिच्या चपला तिच्या हातात असायच्या. पायात नाही. काळ्या मातीतून ती अनवाणीच जायची. "जमीन कुठं धरते अन् कुठं सोडते ते पायाले समजते. चपलेले काय समजते?" कुठल्याही घरात गेली की पहिला प्रश्न, "आज काय शिजलं?" घरातल्या बाईनं "हाय ना सगळं" म्हटलं की ती सरळ आत जाऊन गंजावरचं, म्हणजे भांड्यावरचं, झाकण उचलायची. ज्या घरांत तिला आत जाता येत नव्हतं, तिथे ओट्याखाली उभी राहून म्हणायची, "गंज बाहीर आनून दाखव." लोकांना राग यायचा. एकदा एक बाई म्हणाली, "गिरजा, तू पोलीस हायेस का वं?" मावशी म्हणाली, "पोलीस गंज पाहाले येते का? तो खाऊन जाते."

मी तेव्हा आदिलाबादला राहत होतो. वडील शिक्षक. आजोबांपर्यंत आमच्या घरात सगळे दुसऱ्यांच्या शेतात राबले, आणि दीक्षेनंतर आम्ही शिकलो. मी मात्र कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि चळवळीची पत्रकं लिहायला लागलो. संस्थेला मराठी लिहिणारा माणूस हवा होता. मी खैरगावला पोचलो तो हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊनच. वर मोठ्या अक्षरांत: भुकेचे मारेकरी कोण?

मावशीनं मला ओट्यावर बसवलं आणि सगळं पत्रक वाचून दाखवायला लावलं. शेवटच्या 'जिंदाबाद'पर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "आता मले हे सांग, पानी आलं तं लोकाईनं कुठं जाचं, ते कुठं लिवलं?"

"मावशी, पत्रकात तसं नसतं."

"मंग मागची बाजू कोरी काऊन सोडली?"

तिनं माझ्या खिशातला पेन काढून घेतला आणि त्या कोऱ्या बाजूवर नदी काढली. नदीच्या वर गाव, गावाच्या वर गायरान, गायरानाच्या वर टेकडी. चित्र वाईट होतं, पण त्यात चूक नव्हती. पुढची आठ-नऊ वर्षं माझी पत्रकं दोन्ही बाजूंनी छापली जायची. पुढे माझा संताप, मागे तिचा नकाशा. लोक नकाशा ठेवून घ्यायचे.

सरकारी गोदामाची गोष्ट अजून आमच्याकडे सांगतात. पुराच्या वेळी गावांना धान्य मिळावं म्हणून सरकारनं सिमेंटचं गोदाम मंजूर केलं. जागा पाहायला एक तेलुगू साहेब आले. डांबरी रस्त्याला लागून नदीकडे उतरती जागा होती, ती त्यांना पसंत पडली. मावशीनं त्यांना तिथल्याच एका बाभळीखाली नेलं आणि वर बोट दाखवलं. साहेबाच्या डोक्याच्या दोन हात वर, फांद्यांच्या बेचक्यात वाळलेल्या गवताचा झुबका अडकला होता.

"साब, वो घास किसने रखी वहाँ?"

साहेबांनी वर पाहिलं. "चिड़िया होगी, अम्मा."

"चिड़िया नहीं साब. गंगा. पिछले के पिछले साल."

साहेब समजूतदार होते, वाईट नव्हते. म्हणाले, "अम्मा, टेकड़ी पे ट्रक नहीं जाता. यहाँ ट्रक आता."

"ट्रक जहाँ आता, पानी भी वहींच आता, साब."

ते खूप हसले. हे वाक्य त्यांनी पुढे दोन-तीन बैठकांत सांगितलं म्हणे. गोदाम तिथेच बांधलं. मी त्यावर जळजळीत पत्रक काढलं, कंत्राटदाराची आणि ट्रकवाल्याची सोयरीक शोधून काढली. मावशीनं ते वाचायलाही मागितलं नाही. ती टेकडीवर पत्र्याचं छप्पर घालण्यात गुंतली होती.

त्या छपराखाली तिनं कणग्या उभ्या केल्या. बांबूच्या, शेणानं लिंपलेल्या, माणसाएवढ्या. सात गावांतल्या चार उंचवट्यांवर अशा कणग्या होत्या. रीत अशी की खळ्यावर जवारी आली की घरात जाण्याआधी त्यातला एक वाटा टेकडीवर जायचा. कुणब्यांच्या घरचा, आमच्या, म्हणजे मावशीच्या आणि माझ्या जातीच्या वस्तीतला, गोंडांच्या गुड्यावरचा, सगळा एकाच कणगीत. त्याला कोणी हरकत घेतली नाही. कोरड्या दाण्याला विटाळ नसतो. त्याला पाणी लागलं, तो शिजला, की विटाळ सुरू होतो. या देशाचं धर्मशास्त्र एवढंच आहे, मी ते कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही, खैरगावात पाहिलं आहे.

तिची खरी अडचण कापूस होती. जो तो जवारी मोडून कापूस लावायचा. मावशी उन्हाळाभर घरोघर फिरायची, आणि ती पुरुषांशी बोलायचीच नाही, बायकांशी बोलायची. "कापसाच्या आठ ओळी गेल्या की जवारीच्या दोन टाका. एक तूर. कडेले मूग. पाऊस लंबला तं कापूस मरंल, मूग हाती येईन. पानी तुंबलं तं मूग मरंल, जवारी उभी राहीन." एका ओसरीवर एक तरणा शेतकरी तिला चिडवायला म्हणाला, "मावशी, कापसानं टीव्ही येते. जवारीनं काय येते?"

"जवारीनं सकाळी डबा घेऊन परसाकडं जाता येते, बापू. कापूस खाऊन पाह्य, समजंल."

घरातल्या बायका पदर तोंडाला लावून आत पळाल्या. त्या वर्षी त्याच्या वावरात जवारीच्या दोन ओळी होत्या. त्याच्या बायकोनं टाकल्या होत्या.

आता आबाजी.

आबाजी पाटील खैरगावचे जुने मोठे शेतकरी. मावशीचा बाप जन्मभर त्यांच्याकडे सालदार होता. मावशी लहानपणी त्यांच्याच शेतात निंदायला जायची आणि पाणी प्यायची ती ओंजळीनं, वरून कोणी ओतलं तर. आबाजी शिव्या देणारे नव्हते, हात उगारणारे तर नव्हतेच. टेकडीच्या कणगीत पहिला वाटा त्यांच्या खळ्यावरून आला. मावशीला ते "गिरजे" म्हणायचे आणि सात गावांत तिची शिफारस करायचे. "पोरगी हुशार हाय. ऐका तिचं." त्यांच्या घरात मात्र ती ओट्याच्या वर कधी चढली नाही. तिला कोणी चढू नको म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडत नव्हती.

माझं तिसरं वर्ष असेल. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सहा दिवस पाऊस पडला आणि सातव्या दिवशी सकाळी नदी गावात आली. मावशीनं आदल्या दुपारीच लोकांना हलवायला सुरुवात केली होती, त्यामुळे माणूस एकही वाहून गेला नाही. शंभर-दीडशे माणसं टेकडीवर. खाली फक्त कौलं दिसत होती. रस्त्यावरचं सिमेंटचं गोदाम पाण्यात बुडालं होतं. नंतर ते उघडलं तेव्हा आतली पोती फुगून उसवली होती आणि दाण्याला मोड आले होते.

टेकडीवर जवारी भरपूर होती. भरडलेल्या कण्या होत्या, मीठ होतं. सरपण नव्हतं. म्हणजे होतं, छपराखाली पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचे, काही भारे आणि थोड्या गोवऱ्या. बाकी सगळी टेकडी भिजलेली. मावशीनं ते सरपण डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाली, "एकच चूल पेटंल. घराघराच्या चुली मांडल्या तं सांजेलोक खतम."

चूल तिनं मांडली. कण्या तिनं शिजवल्या. पळसाच्या पानांवर वाढायला घेतल्या.

पहिल्या दुपारी आमची वस्ती जेवली, गोंड जेवले. कुणब्यांची घरं छपराच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिली. आबाजींची सून कांताबाई पुढे आली. तिशीतली बाई, कडेवर लेकरू.

"गिरजा, आम्हाले कोरडं दे. अन् दोन-तीन काटक्या दे. मामाजीपुरतं शिजवून घेते."

"काटक्या नाईत, कांताबाई. शिजलेलं हाय. ते घे."

"तुले माहीत हाय ना. ते कसे खातीन?"

"तुले दिल्या तं वीस घरं मागतीन. कोनाले नाई म्हनू?"

हे बरोबर होतं. मी तिथे उभा होतो, मला ते शंभर टक्के बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर आनंदही झाला. मी मनात मथळा जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी लेकरं फुटली. लेकरांना काय कळतं. ती येऊन रांगेत बसली आणि आयांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मग बाया आल्या. पाठ करून बसायच्या, पदर पुढे ओढून भराभर खायच्या. संध्याकाळी पुरुष आले. मावशी प्रत्येकाच्या पानावर सारखंच वाढत होती, तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. कांताबाईही आली. छपराच्या खांबामागे बसून तिनं खाल्लं, लेकराला भरवलं, आणि तोंड पुसून सासऱ्याजवळ जाऊन बसली.

आबाजी तेवढे उरले. त्यांच्या तोंडात दात नव्हते, कोरडी जवारी चावता येण्यासारखी नव्हती. गूळ, फुटाणे असं कोरडं चालणारं काही त्या वर्षी टेकडीवर नव्हतं. स्वतःच्या लोट्यात पावसाचं पाणी धरून ते पीत होते. मावशी पानावर कण्या घेऊन त्यांच्यासमोर गेली. मी जरा मागे होतो.

आबाजी म्हणाले, "गिरजे, राग मानू नको. तुह्यावर काई नाई. आता ह्या वयात सवय मोडत नाई."

"दोन दिस झाले, आबाजी."

"होईन तसं होईन."

"मंग उपाशी राहा," मावशी म्हणाली आणि पान घेऊन परत आली. ते पान तिनं एका गोंड म्हातारीला दिलं.

तिसऱ्या दिवशी आबाजींना थंडी वाजून ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी कांताबाईनं हाक मारली तर ते उठले नाहीत. त्याच दुपारी पाणी ओसरायला लागलं. चुलीपाशी पऱ्हाट्यांचा अर्धा भारा शिल्लक होता. तो मी पाहिला. मावशीनंही पाहिला.

पंचनाम्यात कारकुनानं 'वृद्धापकाळ' लिहिलं. मी मात्र पत्रक काढलं. पूर ओसरून पंधरा दिवस झाले नसतील. मथळा होता: एका चुलीनं जात जाळली. आत सगळं होतं. शतकांचा अन्याय, चुलीसमोर झुकलेलं गाव, आणि शेवटी 'जातीसाठी मेलेला एक म्हातारा'. आदिलाबादला ते खूप गाजलं. मी गठ्ठा घेऊन खैरगावला आलो आणि मावशीसमोर ठेवला.

या वेळी तिनं वाचून दाखव म्हटलं नाही. अक्षरं लावत, ओठ हलवत तिनं ते स्वतः वाचलं. बराच वेळ लागला. मग म्हणाली, "चाल."

"कुठं?"

"आबाजीच्या घरी. हे कांताबाईपुढं वाचून दाखव."

मी उठलो नाही.

"काऊन? खरं हाय ना?"

"खरं आहे, मावशी. कांताबाईनं म्हातारा मारला नाही, आपणही मारला नाही. त्याला जातीनं मारलं."

मावशी खाली बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. गंजात काय शिजलं ते सांगावं तसं सांगत होती. "सरपन कमी होतं हे खरं हाय. पन तेवढंच खरं नाई. तीन काटक्यात एका म्हाताऱ्याच्या कण्या शिजते. लपवून देता आल्या असत्या. मले समजत नव्हतं का? मले पाहाचं होतं, पोट्ट्या. आबाजीनं माह्या हातचं खाल्लेलं मले एकडाव पाहाचं होतं. बाकीचे खाऊन राह्यले तं मले वाटलं, आज नाई तं उद्या. माह्या बापाच्या ओंजळीत पानी ओतनारा हात माह्या पानावर आला पाह्यजे. म्हून मी काटक्या मोजल्या."

मला जे उत्तर सुचलं ते पत्रकातलं होतं.

"अन् तू मानूस मेल्यावर पत्रक काढून राह्यला," ती म्हणाली. "मागच्या बाजूले काय छापलं? नकाशाच ना? ठेव तो. पुढची बाजू फाड."

एकाच कागदाची पुढची बाजू कशी फाडणार? सगळा गठ्ठा तिनं चुलीत घातला.

त्यानंतर मावशी सरपणाच्या मागे लागली. लोक हसायचे. बैठकीहून येताना तिच्या काखेत लाकूड असायचं. बोथच्या बाजाराला गेली तरी परत येताना वाटेतलं ढपलं उचलून आणायची. मंडल ऑफिसात तिनं एकदा बाकाचा तुटका पाय मागितला. शिपाई म्हणाला, "ये सरकारी है, अम्मा." ती म्हणाली, "सरकार भी जलना चाहिए ना किसी दिन." शिपायानं दिला. तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या गाठी, गोवऱ्या. दोन वर्षांत टेकडीवर जवारीपेक्षा सरपण जास्त झालं. त्यासाठी दुसरं छप्पर घालावं लागलं. गूळ आणि फुटाण्याचे डबेही आले.

आणि मग तिनं सभेत सांगितलं की पुढच्या पुरात टेकडीवर दोन चुली पेटतील. एक तिची. दुसरी, ज्यांना तिच्या हातचं चालत नाही त्यांची.

वस्तीतली पोरं उठून उभी राहिली. मीही उठलो. मी म्हणालो, "मावशी, ही तडजोड आहे. जे गाव एकदा तुझ्या पंगतीला बसलं, त्याला तू परत वेगळं बसायची मुभा देतेस. गेल्या वेळी जिंकलेलं तू हरते आहेस."

"गेल्या वेळी कोन जिंकलं?" तिनं विचारलं.

एक पोरगा म्हणाला, "आपला मान, मावशी."

"मान उन्हाळ्यात मागू. उन्हाळ्यात भांडू, मी सगळ्याइच्या पुढं राहीन. पुरात नाई भांडाचं."

बोलली तशी ती वागली. दर उन्हाळ्यात बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तिनं टेकडीवर सरावाचं जेवण सुरू केलं. पाणी आल्यावर कोणी कुठून चढायचं, म्हाताऱ्यांना कोणी उचलायचं, दोर कुठे बांधायचे, हे सगळं करून पाहायचं आणि शेवटी जेवायचं. त्या दिवशी चूल एकच. कोरडं मिळायचं नाही, काटक्या मिळायच्या नाहीत. ज्याला यायचं त्यानं यावं, नाही त्यानं घरी जावं. घरी जेवण होतंच. पहिल्या वर्षी कुणब्यांची तीन घरं जेवली. न जेवणाऱ्यांना मावशी गावभर हिणवायची. "पाटलीनबाई, माह्या कण्यात केस निघाला का वं?" एका सरपंचाला तिनं भर चावडीत विचारलं, "मुंबईले हॉटेलात जेवता, तिथं भटारखान्यात जाऊन जात पुसता का?" भांडणं झाली. तिच्या चुलीत कोणी तरी एकदा घाण टाकली. ती तिनं काढली, चूल सारवली, स्वयंपाक केला. दरवर्षी एक-दोन घरं वाढायची. कांताबाई सरावाला यायची, दोर बांधायची, म्हाताऱ्यांना उचलायची, आणि जेवायच्या वेळी निघून जायची. मावशी सगळ्यांना हिणवायची. तिला नाही.

मला तेव्हा दुसरी चूल मान्य नव्हती. आजही नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण मावशी गेल्यावर मी मवाळ झालो असं कोणी म्हणू नये. माझ्या मते ती चूक होती. फक्त त्या चुकीवर पत्रक मला लिहिता आलेलं नाही.

दुसरा मोठा पूर नव्वदच्या दशकाच्या मध्यात आला. टेकडीवर तीच माणसं, थोडी म्हातारी झालेली, आणि त्यांची नवी लेकरं. सरपण कोरडं, रचून ठेवलेलं. मावशीनं आपली चूल पेटवली आणि पंधरा हातांवर दुसऱ्या चुलीचे तीन दगड मांडून त्याशेजारी भारा, कण्या, मीठ, कोरा गंज ठेवून ती मागे सरली.

बहुतेक गाव तिच्याच चुलीपाशी आलं. पहिल्याच दुपारी, न सांगता. दुसऱ्या चुलीकडे फक्त सहा-सात म्हातारी माणसं बसली, आणि त्यांच्यासाठी रांधायला कांताबाई उठली. तिचे केस अर्धे पिकले होते.

तिची चूल पेटेना. वारा आडवा होता, पाऊस तिरपा आत येत होता. काडेपेटी सादळली होती. मावशी जवळ गेली, पण पाच-सहा हातांवर थांबली, पाऊस अंगावर घेत. तिथूनच सांगू लागली.

"दगड फिरव. तोंड नदीकडं नको करू. हां. आता बारीक पऱ्हाट्या खाली, गोवरी वर. फुकू नको आताच."

कांताबाई तसं करत होती. पेटत नव्हतं. मावशीनं आपल्या चुलीतला एक निखारा खापरावर घेतला, मधल्या जमिनीवर ठेवला आणि मागे सरली. म्हातारी माणसं त्या खापराकडे पाहत राहिली. त्या चुलीतला विस्तव घ्यायचा की नाही, याचा नियम कोणालाच आठवत नसावा. कांताबाईनं कोणाला विचारलं नाही. पुढे होऊन खापर उचललं आणि चूल पेटवली.

कण्या शिजल्या. तिनं म्हाताऱ्यांना वाढलं. एकाला हातानं भरवलं. सगळ्यांचं झाल्यावर गंजात कण्या उरल्या होत्या, आणि ती तशीच खांबाला टेकून बसली. मावशीच्या चुलीकडे ती आली नाही. स्वतःच्या चुलीवरचंही तिनं घेतलं नाही.

मावशी तिकडे गेली. या वेळी पाच हातांवर थांबली नाही. चुलीला न शिवता, पण चुलीच्या कडेलाच, चिखलात बसली.

"जेव, कांता."

"भूक नाई."

"मले भूक वळखते. जेव."

कांताबाई खाली पाहून म्हणाली, "मागच्या वक्ती मी जेवली होती. खांबामागं बसून. मामाजी पाहून राह्यले होते. मले वाटलं नाई पाहात. ते पाहून राह्यले होते."

माझ्या समजुतीप्रमाणे मावशीनं तिला इथे काही तरी सांगायला हवं होतं. तुझी चूक नाही, माझी होती. काटक्या होत्या. जे तिनं मला सांगितलं ते तिला सांगायला हवं होतं. कदाचित आधी कधी सांगितलंही असेल. मला माहीत नाही. त्या दुपारी तिनं काही सांगितलं नाही.

"तू जेवल्याबिगर मी उठत नाई," ती म्हणाली. "इथंच बसते."

आणि बसली. तिच्या चुलीवर दुसरी खेप चढवायची होती, लेकरं ओरडत होती, मला बायका विचारत होत्या की मीठ कुठे आहे. मी हाक मारली, "मावशी." तिनं मान वळवली नाही. पाऊस तिच्या पाठीवरून वाहत होता. कांताबाई बसलेली, ती बसलेली, मध्ये गंज. मला तो वेळ फार मोठा वाटला. मीठ मी शोधून दिलं, दुसरी खेप बायकांनी चढवली, ती उतरलीही.

मी पुन्हा तिकडे पाहिलं तेव्हा कांताबाईच्या हातात पान होतं. ती खात होती. पाठ न करता, हळूहळू, काही कडू असावं तसं. मावशी तिच्या हाताकडे पाहत होती. पान रिकामं झालं तेव्हा ती गुडघ्यावर हात देऊन उठली, लुगड्याचा चिखल झटकला नाही, आणि छपराच्या त्या टोकापासून लोकांची डोकी मोजत इकडे यायला लागली.